पाण्यांत उभें राहून तहान

सह्याद्रीच्या पायथ्याशीं, पोलादपूर तालुक्यांत, कापडे म्हणून एक गांव आहे. उतारावर नाचणी आणि वरी, सखल खाचरांत भात, आणि आषाढ-श्रावणांत जिकडे पहावें तिकडे खळाळतें पाणी, असा हा मुलूख. वर महाबळेश्वरीं वर्षास ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथें उगम पावलेली सावित्री घाट उतरून पोलादपूर व महाड ह्या गांवांवरून वाहत बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळते, आणि कापड्याच्या खाचरांतून निघालेलें पाणीहि अखेर तिच्याच वाटेनें समुद्राकडे जातें. वाट एकच; परंतु तिच्या वरच्या टोकास जें भात घोट्याइतक्या पाण्यांत उभें राहून डुलतें, तेंच भात खालच्या टोकास, खाडीकांठच्या खाजणांत, बांध फुटून भरतीचें पाणी आंत शिरलें तर तेवढ्याच पाण्यांत उभें असतां थोड्या दिवसांत वाळून जातें. पानांचे शेंडे करपतात, पातीं वळून त्यांच्या सुरळ्या होतात, आणि अवर्षणांतील पिकाची जी कळा तीच ह्या पाण्यांतल्या पिकास येते. शेतकरी म्हणतो, "खारानें भात मारलें." वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणेल, तें भात तहानेनें मेलें. दोघेहि खरेंच बोलतात. आणि दोघांच्या बोलण्याचा मेळ ज्या एका नियमानें बसतो, त्याचें हें विवेचन आहे.

त्या नियमास शाळेच्या पुस्तकांत 'परासरण' म्हणतात. मराठी विश्वकोशानें 'तर्षण' हा शब्द योजला आहे. तर्ष म्हणजे तहान. पहिला शब्द रूढ झालेला आहे आणि तो मोडण्याचें कारण नाहीं; परंतु वस्तुस्थितीचें चित्र डोळ्यांपुढें उभें करण्याचें सामर्थ्य दुसऱ्यांत अधिक आहे, ह्यांत शंका नाहीं.

नियमाकडे वळण्यापूर्वीं स्वयंपाकघरांत डोकावणें बरें. काकडीच्या कोशिंबिरींत मीठ आधींच घातलें तर पंगत बसेपर्यंत वाडग्याच्या तळाशीं पाणी सांचतें, म्हणून जाणती गृहिणी मीठ अगदीं शेवटीं घालते. कैरीच्या फोडींस मीठ-हळद लावून ठेवली कीं दुसऱ्या दिवशीं पातेल्यांत खार सुटलेला दिसतो. फोडींवर पाण्याचा थेंबहि ओतलेला नसतो. उलट, बाजारांतून आणलेली मलूल कोथिंबिरीची जुडी देंठांकडून साध्या पाण्यांत उभी करून ठेवली तर तासा-दोन तासांत ताठ होते. बेदाणे पाण्यांत टाकले तर फुगतात, आणि साखरेच्या दाट पाकांत टाकले तर तितके फुगत नाहींत. ह्या सर्व ठिकाणीं पाणी हालतें, आणि तें कोणी ढकलल्याशिवाय हालतें. कोणत्या बाजूस हालतें एवढें ध्यानांत घेतलें कीं अर्धें काम झालें. जेथें विरघळलेले पदार्थ थोडे तेथून, जेथें ते पुष्कळ तेथें.

परंतु ह्यास एक अट आहे. नुसत्या पाण्याच्या भांड्यांत मिठाचा खडा टाकला तर मीठच सर्वत्र पसरतें आणि कांहीं वेळानें दोन्हीकडे सारखेपणा येतो; ह्यास विसरण म्हणतात. परासरण होण्यास मध्यें असें पटल असावें लागतें कीं जें पाण्यास वाट देईल पण विरघळलेल्या पदार्थास अडवील. मीठ इकडे येऊं शकत नाहीं, म्हणून पाणीच तिकडे जातें. काकडीच्या एकेका फोडींत असंख्य पेशी असतात आणि प्रत्येक पेशीभोंवतीं असें एक अतिशय पातळ पटल असतें. त्यास प्रद्रव्यपटल म्हणतात. वनस्पतीच्या पेशींत ह्या पटलाबाहेर आणखी एक चिवट भिंत असते. ती पाण्यास वा मिठास अडवीत नाहीं, परंतु पेशीस फुटूं देत नाहीं. भिंत आणि पटल ह्यांतील हा भेद पुढें उपयोगी पडणार आहे.

आतां "मीठ पाणी ओढतें" असें जें घरोघर म्हटलें जातें, तें बोलण्यापुरतें ठीक आहे. मिठास हात नसतात. खरा प्रकार हिशेबाचा आहे. पाण्याचे रेणू अहोरात्र धांवत असतात. पटलावर ते दोन्ही बाजूंनीं आदळतात आणि दोन्ही बाजूंनीं पलीकडे जातात. गोड्या बाजूकडून खाऱ्या बाजूस जाणारे जसे आहेत तसे खाऱ्या बाजूकडून गोड्या बाजूस येणारेहि आहेत. फरक एवढाच कीं विरघळलेल्या कणांच्या संगतींत पाण्याची निसटून जाण्याची प्रवृत्ति मंदावते. ह्याच कारणानें मिठाचें पाणी साध्या पाण्यापेक्षां सावकाश वाळतें आणि उकळण्यास अधिक उष्णता मागतें. म्हणून खाऱ्या बाजूकडून येणारे रेणू संख्येनें कमी पडतात, आणि दिवसअखेर जमाखर्च मांडला तर शिल्लक खाऱ्या बाजूस निघते. मिठाचे कण पटलाचीं छिद्रें बुजवून टाकतात आणि त्यामुळें पाणी अडतें, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाहीं. छिद्रें कशींहि असोत, पटल पाण्यास सोडणारें व कणांस अडविणारें असलें म्हणजे पुरे.

ही गोष्ट युरोपांत प्रथम नोंदली ती १७४८ सालीं, नोले नांवाच्या फ्रेंच पाद्र्यानें. मद्यार्कानें भरलेल्या भांड्याच्या तोंडास डुकराचें मूत्राशय बांधून त्यानें तें पाण्यांत बुडवून ठेवलें. पाणी आंत शिरत राहिलें आणि मूत्राशयाचा पडदा फुगून वर आला. पुढें सुमारें ऐंशीं वर्षांनीं द्युत्रोशे ह्या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थानें ह्या क्रियेचा सजीवांच्या पेशींशीं असलेला संबंध ओळखला. परंतु शास्त्रास लागतें तें मोजमाप, आणि तें प्रथम नीट केलें जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर ह्यानें, १८७७ मध्यें. कच्छिद्र मातीच्या भांड्याच्या अंगांतच त्यानें एका तांब्याच्या क्षाराचें पटल तयार केलें, आंत साखरेचें पाणी भरलें, आणि बाहेरचें पाणी आंत येण्याचें थांबण्यास आंतून किती दाब द्यावा लागतो तें पाऱ्याच्या नळीनें पाहिलें. शंभर भागांस अवघा एक भाग साखर, इतक्या फिक्या पाण्याचा दाब सुमारें ५३ सेंटिमीटर पारा उचलण्याइतका भरला. म्हणजे हवेच्या नेहमींच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त! चहाच्या पेल्यांत ह्याहून कितीतरी अधिक साखर असते. ह्याच मोजमापांचा आधार घेऊन डच रसायनशास्त्रज्ञ फांट हॉफ ह्यानें द्रावणाच्या दाबाचा नियम बसविला, आणि १९०१ मध्यें रसायनशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक ज्या कार्याबद्दल देण्यांत आलें त्यांत हें संशोधन होतें.

त्या नियमानें समुद्राच्या पाण्याचा हिशेब केला तर दाब हवेच्या पंचवीसपटींच्या वर जातो. लिटरमध्यें ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार, एवढ्यावर अडीचशें मीटर उंच पाण्याचा स्तंभ तोलून धरतां येईल इतकी ही शक्ति. उलट, खाऱ्या बाजूवर त्याहून अधिक दाब यंत्रानें दिला तर पाणी उलट्या दिशेनें, म्हणजे खाऱ्याकडून गोड्याकडे, येऊं लागतें. ह्यास योग्य असें पटल १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियांत सिडनी लोब व श्रीनिवास सौरिराजन ह्यांनीं तयार केलें, आणि शहरांतील पुष्कळ घरांच्या ओट्यावर भिंतीस टांगलेलें जलशुद्धीचें यंत्र हें त्याचेंच घरगुती रूप आहे.

फांट हॉफच्या नियमांतील सर्वांत मौजेचा भाग असा कीं दाब पदार्थाच्या जातीवर अवलंबून नसून कणांच्या संख्येवर अवलंबून असतो. कण लहान कीं मोठा, गोड कीं खारट, ह्याची पाणी विचारपूस करीत नाहीं, डोकीं मोजतें. साखरेचा रेणू थोराड आहे. मिठाचा लहान आहे, आणि शिवाय पाण्यांत पडतांच त्याचे दोन कण होतात. त्यामुळें एक ग्रॅम मिठांतून जितके कण मिळतात तितके मिळविण्यास जवळजवळ बारा ग्रॅम साखर लागते. लोणचें आणि मुरंबा ह्यांच्या प्रमाणांतील तफावत येथें उलगडते. कैरीच्या लोणच्यास मीठ फोडींच्या वजनाच्या मानानें थोडेंच लागतें. मुरंब्यास मात्र साखर फोडींच्या बरोबरीनें किंवा त्याहून अधिक घ्यावी लागते, आणि हात आखडला तर पावसाळ्यांत वर बुरशी दिसते. दोन्ही ठिकाणीं काम एकच आहे. फळ नासविणारे सूक्ष्म जंतु हेहि पेशीच होत. बाहेरचा रस दाट असला कीं त्यांच्या अंगांतील पाणी निघून जातें आणि त्यांची वाढ खुंटते. कोंकणांत वैशाखांत आमसुलांच्या सालांवर मीठ थरांथरांनीं घालून जें आगळ काढतात, तें वर्षभर टिकतें तें ह्याच कारणानें. आंबटपणाचा त्यास हातभार असतो, एवढेंच.

संख्येचा हा नियम निसर्गानेंहि कोठाराच्या कामीं वापरला आहे. भाताच्या दाण्यांत रोपाच्या बाळपणाची शिदोरी भरलेली असते. ती साखरेच्या रूपानें भरली असती तर पेशींत कणांची गर्दी होऊन पाण्याचा पूर लोटला असता. म्हणून वनस्पति साखरेचे शेंकडों-हजारों रेणू एकमेकांस गुंफून त्यांचें पिष्ट करून ठेवते. वजन तेंच, पण डोकीं थोडीं. दाणा रुजूं लागला कीं ह्या माळा तुटतात, साखर सुटी होते, आणि मग पेशी पाणी मागूं लागते. येथें एक बारीक भेद सांगितला पाहिजे. कोरडे वाल भिजत घातले असतां ते पहिल्या रात्रींत जे फुगतात तें परासरण नव्हे. कोरड्या लांकडाप्रमाणें किंवा डिंकाप्रमाणें केवळ शोषण होय. मेलेलें बींहि तितकें फुगतें. परासरण सुरू होतें तें त्यानंतर, मोड येतांना.

कापड्यासारख्या गांवीं मृगाच्या आधीं बियाण्यास मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करावी अशी कृषिखात्याची शिफारस आहे. दहा लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत भात ओतावें. पोचट दाणे तरंगतात ते काढून टाकावे आणि तळाशीं बसलेलें वजनदार बीं घ्यावें. इथपर्यंतचा प्रकार जडपणा-हलकेपणाचा आहे, परासरणाचा नाहीं. परंतु पुढची सूचना अशी असते कीं हें बीं दोन-तीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुऊन सावलींत वाळवावें, आणि ती सूचना घाईच्या दिवसांत टाळली जाते. दहा लिटरांस ३०० ग्रॅम म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळ जाणारें प्रमाण आहे. तें मीठ दाण्याच्या अंगास चिकटून राहिलें तर दाण्यानें जें पाणी आंत घ्यावयाचें तें बाहेरच अडतें, आणि मोड उशिरा येतो किंवा अशक्त येतो. तरव्यावर युरियाचा हात सढळ पडला म्हणजे रोपें "करपलीं" असें म्हणतात, तेथेंहि आग लागलेली नसते. खतहि पाण्यांत विरघळणारा पदार्थच आहे, आणि मुळाभोंवतालचें पाणी त्यानें मुळास परकें केलेलें असतें.

मुळांच्या टोकाजवळ केंसांहून बारीक अशीं मूलरोमें असतात आणि पाणी आंत येण्याचा मोठा रस्ता तोच. साधारण पिकाच्या मुळांतील पेशीरसाचा परासरण दाब हवेच्या पांच ते दहा पटींच्या आसपास असतो. जमिनींतलें पाणी गोडें असेल तर हा चढ-उतार मुळाच्या बाजूनें आहे; पाणी आंत येतें, पेशी तटतटून फुगतात, भिंतीवर आंतून रेटा बसतो, आणि ह्या रेट्यावर रोप ताठ उभें राहतें. लांकूड नसलेल्या कोंवळ्या रोपास पाण्याचा दाब हाच कणा. पावसाळी हवेंत, पहांटे, भाताच्या व गवताच्या पात्यांच्या अगदीं टोकावर जो एकेक टपोरा थेंब दिसतो, तो पुष्कळदां दंवाचा नसतो. रात्रीं हवा दमट असल्यानें पानांतून वाफ जात नाहीं, मुळें मात्र क्षार आंत घेत राहतात, क्षारांमागून पाणी येतें, आणि जास्तीचें पाणी पात्याच्या टोंकावाटे बाहेर ढकललें जातें. मात्र ह्यावरून उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढतें तेंहि परासरणानेंच, असा निष्कर्ष काढूं नये. तें काम मुख्यतः पानांतून उडून जाणाऱ्या वाफेच्या ओढीचें आहे. ही चूक शालेय उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षें आढळते.

कोंकणच्या पायवाटेवर पसरलेलें लाजाळूचें झुडूप पुष्कळांनीं बोटानें डिंवचलें असेल. स्पर्श होतांच पर्णिका मिटतात आणि देंठ खालीं पडतो. देंठाच्या मुळाशीं एक लहानशी गांठ असते. तिच्या एका बाजूच्या पेशींतून क्षार एकाएकीं बाहेर सोडले जातात, त्यांच्यामागून पाणी जातें, त्या बाजूचा फुगवटा बसतो आणि पान लवतें. ह्यांत लाज नाहीं कीं स्नायु नाहींत. पानांवरील सूक्ष्म रंध्रेंहि अशाच युक्तीनें उघडतात व मिटतात.

आतां खाजणांतल्या भाताकडे परत जातां येईल. तेथें मुळाभोंवतालच्या पाण्याचा दाब पेशीरसाच्या बरोबरीस आला कीं पाणी आंत येणें थांबतें, आणि त्याच्याहि वर गेला तर मुळांतलें पाणी उलट बाहेर जाऊं लागतें. पेशींतील मऊ भाग आकसून भिंतीपासून सुटतो. ह्यास रससंकोच म्हणतात. पाऊस पडून खार वेळींच धुऊन गेला तर पेशी पुन्हां भरून येऊं शकतात. आणखी कांहीं दिवस लोटले तर मिठांतील सोडियम पानांत सांचून त्याचा विषार वेगळाच बाधतो. खाडीकांठचा शेतकरी ह्या शत्रूशीं पिढ्यान् पिढ्या झुंजत आला आहे. बांध घालून भरती अडवावयाची, ओहोटीस उघडी उघडून पावसाचें पाणी बाहेर सोडावयाचें, आणि पहिल्या दमदार पावसांनीं जमिनींतील खार धुऊन निघेपर्यंत लावणीस हात घालावयाचा नाहीं, ही त्याची रीत. पुष्कळ ठिकाणीं तो रहू पेरतो, म्हणजे बीं घरीं गोड्या पाण्यांत भिजवून मोड आणून मगच चिखलांत फेंकतो. पाणी आंत घेण्याचें पहिलें अवघड काम खाऱ्या जमिनींत होऊंच दिलें जात नाहीं. परासरण हा शब्द त्यास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, तरी त्याची तोड बिनचूक आहे. पनवेल येथील खारभूमि संशोधन केंद्रानें 'पनवेल १', 'पनवेल २' व 'पनवेल ३' अशा खार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या, त्याहि ह्याच गरजेपोटीं. त्याच खाडींत तिवराचें झाड मात्र भरतीच्या पाण्यांत सुखानें उभें असतें. तें आपला पेशीरसच समुद्राहून दाट राखतें, आंत शिरूं पाहणारें पुष्कळसें मीठ मुळाशींच अडवितें आणि उरलेलें पानांवाटे बाहेर टाकतें. तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेस लावल्यास खारटपणा लागतो.

एक कोडें मात्र शास्त्रज्ञांस पुष्कळ काळ सुटलें नव्हतें. प्रद्रव्यपटल हें मुख्यतः स्निग्ध द्रव्याचें बनलेलें आहे. तेलातुपांतून पाणी जाणार तें किती आणि किती सावकाश? तांबड्या रक्तपेशींत आणि मूत्रपिंडांत तर तें अतिशय त्वरेनें जातें. अमेरिकन वैद्य पीटर ॲग्रे ह्यांस रक्तपेशींच्या पटलांत एक अनोळखी प्रथिन विपुल प्रमाणांत सांपडलें होतें. १९९२ मध्यें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें प्रथिन तयार करण्याची आज्ञा बेडकाच्या अंड्यांत घातली. बेडकाचें अंडें तळ्याच्या पाण्यांत टिकावें म्हणून त्याचें पटल पाण्यास सहसा दाद देत नाहीं. परंतु हीं अंडीं फिक्या पाण्यांत ठेवतांच भराभर फुगलीं आणि फुटलीं. पाण्याचा दरवाजा सांपडला. ह्या प्रथिनास ॲक्वापोरिन हें नांव मिळालें. त्याची वाट इतकी अरुंद असते कीं पाण्याचे रेणू तींतून एकामागें एक असेच जातात, आणि तरीहि एका दरवाजांतून सेकंदास सुमारें तीन अब्ज रेणू पार होतात. ॲग्रे ह्यांस २००३ मध्यें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. दरवाजे असले तरी दिशा ठरविणारा नियम जुनाच राहिला. दरवाजा पाण्यास ढकलीत नाहीं, केवळ वाट देतो.

प्राण्यांच्या पेशीस बाहेरची भिंत नसते, आणि त्यामुळें तिची नाजूक स्थिति वनस्पतीच्या पेशीहून वेगळी आहे. ज्या घरीं अंडें वर्ज्य नसेल तेथें हें पाहतां येईल. कोंबडीचें कच्चें अंडें दीड-दोन दिवस व्हिनेगारांत ठेवावें. कवचांतील चुना विरघळून जातो आणि खालीं मऊ पापुद्रा उरतो. हें अंडें साध्या पाण्यांत ठेवल्यास दुसऱ्या दिवशीं टरारून फुगतें. साखरेच्या दाट पाकांत ठेवल्यास सुरकुतून चिंचोक्यासारखें होतें. रक्तांतील तांबड्या पेशींची अशीच गत होते. त्या नुसत्या पाण्यांत टाकल्या तर फुटतात, दाट मिठाच्या पाण्यांत टाकल्या तर आकसतात. म्हणून शिरेंतून जें सलाइन देतात त्यांत लिटरमागें ९ ग्रॅम मीठ असतें. ह्या प्रमाणांत पेशी फुगत नाहीं व आकसतहि नाहीं.

ह्या प्रमाणाची किंमत जुलाबाच्या रोगांत कळते. २०२१ च्या जुलैंत सावित्रीच्या पुरानें महाड शहर बुडालें आणि पोलादपूर तालुक्यांत दरडी कोसळून माणसें दगावलीं. असा पूर ओसरला कीं विहिरींत घाण उतरलेली असते, आणि तें पाणी पोटांत गेलें म्हणजे जुलाबाची भीति सुरू होते. पटकीमध्यें आंतड्याच्या पेशी क्षार आंतड्यांत ओतूं लागतात, त्यांच्यामागून शरीराचें पाणी ओसंडतें, आणि रोगी कांहीं तासांतच कोरडा पडूं शकतो. अशा वेळीं नुसतें पाणी पाजलें तर तें पुरेसें आंत घेतलें जात नाहीं. परंतु आंतड्याच्या पटलांत असे वाहक आहेत कीं ते ग्लुकोज व सोडियम ह्यांस जोडीनें आंत नेतात, आणि पटकीमध्येंहि ते बंद पडत नाहींत. ही जोडी रॉबर्ट क्रेन ह्यांनीं १९६० मध्यें दाखवून दिली. जोडी आंत गेली कीं पाणी आपोआप तिच्यामागून जातें. १९७१ मध्यें बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत शिरेंतून देण्याचें सलाइन संपलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यांत मिसळून तें रोग्यांस तोंडानें पाजण्याची व्यवस्था केली. शंभरांत तिसांच्या आसपास जाणारें मृत्यूचें प्रमाण चारांच्याहि खालीं आलें. हीच जलसंजीवनी.

येथें "थोडें अधिक घातलें तर अधिक गुण" हा घरगुती न्याय उलटतो. साखर वा मीठ जास्त झालें तर आंतड्यांतील पाणी रक्ताहून दाट होतें, आणि शरीरांत जावयाचें पाणी शरीरांतूनच आंतड्यांत येऊं लागतें. जुलाब थांबावयाचा तो वाढतो. रक्तांतील विरघळलेल्या कणांची तीव्रता शास्त्रीय मापानें सुमारें २९० असते. जलसंजीवनीच्या जुन्या कृतीची ३११ होती. जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ मध्यें ती २४५ वर आणली, आणि ओकाऱ्या व शिरेंतून पाणी देण्याची गरज दोन्ही कमी झालीं. बाटलींतल्या गोड पेयांत शंभर मिलिलिटरला दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि पोटांत गेल्यावर तिच्या प्रत्येक रेणूचे दोन होतात. त्यांची तीव्रता रक्ताच्या दुपटीच्या आसपास जाते. आजारी मुलास तरतरी यावी म्हणून असें पेय देणारी माता प्रेमानेंच देते, पण आंतड्याचा हिशेब निराळा असतो.

कोंकणांत आजाऱ्यास मीठ घालून भाताची पेज देण्याची पद्धत फार जुनी आहे, आणि तिच्यामागें जें आहे तें वर दाण्याच्या प्रकरणांत येऊन गेलें आहे. पेजेंत पिष्ट असतें. म्हणजे ग्लुकोज पुष्कळ, परंतु कण थोडे. आंतड्यांत तें हळूहळू सुटतें आणि एकदम गर्दी करीत नाहीं. तांदळावर आधारलेल्या जलसंजीवनीचे पटकीच्या रोग्यांवर प्रयोग झाले, त्यांत जुलाबाचें मान कमी झालेलें आढळलें. तथापि पेजेंत सर्व क्षार बेतशीर नसतात. औषधाच्या दुकानांत किंवा आरोग्यकेंद्रांत मिळणारी पुडी हीच पहिली पसंती, पेज तिच्या जोडीला. पुडी हाताशीं नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावें, शीग लावून नव्हे, आणि चव पहावी. अश्रूंहून खारट लागल्यास तें ओतून देऊन पुन्हां करावें. लहान मुलास चमच्या-चमच्यानें पाजावें. वांति झाल्यास दहा मिनिटें थांबून पुन्हां सावकाश सुरू करावें. मूल मलूल पडलें, डोळे खोल गेले किंवा पिणें सोडलें, तर दवाखाना गांठण्यास उशीर करूं नये. तयार केलेलें पाणी चोवीस तासांनंतर उरल्यास टाकून द्यावें.